मी गुडघा सांगत राहिले

"हा व्रण कधीपासून आहे?"

डॉक्टरबाईंनी विचारलं तेव्हा मी तपासणीच्या टेबलावर उताणी पडून वरच्या पंख्याकडे बघत होते. म्हटलं, "दोन महिने झाले असतील."

"आणि खाज?"

"अकरा वर्षं."

त्यांचा हात थांबला. मग हातमोजे काढत त्या म्हणाल्या, "उठा. कपडे नीट करा. आपण बसून बोलू."

मी खुर्चीवर टेकले. नीट बसता येतच नव्हतं. त्यांनी एका कागदावर दोन शब्द लिहिले आणि कागद माझ्याकडे फिरवला. लायकेन स्क्लेरोसस. हा कातडीचा जुनाट आजार आहे, त्या म्हणाल्या. कातडी पांढरी पडते, पातळ होते, चुरगळलेल्या कागदासारखी दिसते आणि जरा ताण आला की फाटते. जास्त करून बायकांना होतो आणि जास्त करून एकाच जागी होतो, व्हल्वावर. व्हल्वा म्हणजे योनीच्या बाहेरची, लघवीच्या जागेभोवतीची कातडी. हा एकीकडून दुसरीला लागत नाही. अस्वच्छतेने होत नाही. मुळासकट जात नाही, पण मलमाने ताब्यात राहतो.

"आणि ताब्यात ठेवला नाही, तर काही बायकांना त्याच कातडीत कॅन्सर होऊ शकतो. सगळ्यांना नाही. बहुतेकींना होतच नाही. पण तुमचा हा व्रण मला बरा वाटत नाही. तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल."

मी मान हलवली. कॅन्सर हा शब्द ऐकल्यावर माणूस रडतं म्हणतात. मला आधी आठवलं, की गॅसवर दुधाचं पातेलं झाकायचं राहिलंय.

"सोबत कोण आलंय?"

"कोणी नाही."

"घरी माहीत आहे ना?"

"घरी गुडघा माहीत आहे," मी म्हटलं.

त्यांना काही कळलं नाही. तुम्हालाही कळणार नाही. म्हणून पहिल्यापासून सांगते.

मी सुरेखा. वय छप्पन्न. अंबरनाथला राहते आणि उल्हासनगरला, कॅम्प नंबर तीनमध्ये, जीन्सच्या कारखान्यात चेकर आहे. शिवून आलेली पॅन्ट टेबलावर पसरायची, शिवण बोटांनी चाचपायची, सुटलेला टाका, वाकडी लागलेली चेन, कमीजास्त झालेला पाय शोधायचा आणि खोट दिसली की पीस परत पाठवायचा. बावीस वर्षं मी हेच करते. कारागीर माझ्या पाठीमागे काय काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. म्हणेनात का! माझ्या हाताखालून वाकडा पीस बाहेर गेलेला नाही.

आणि या बाईने स्वतःच्या अंगाकडे अकरा वर्षं पाहिलं नव्हतं. एकदासुद्धा नाही. आरसा घेऊन बघावं असं डोक्यातच आलं नाही. माझं माहेर बारवी धरणाच्या बाजूचं. तिथे आम्ही आंघोळसुद्धा परकर छातीशी बांधून करायचो. त्या जागेला आमच्याकडे नावच नव्हतं. आई 'खाली' म्हणायची, तेही पदर तोंडाशी धरून. आईही शेवटशेवटी खाटेच्या कडेवर एका मांडीवर बसायची. काय होतंय विचारलं तर म्हणायची, "बाईच्या जातीला असायचंच." आता वाटतं, तिलाही हेच होतं का? विचारायला ती राहिली नाही.

मला खाज सुटायला लागली तेव्हा मी पंचेचाळिशीची होते. पाळी मागेपुढे व्हायला लागली होती, म्हणून वाटलं त्यातलंच काही असेल. कडुनिंबाच्या पाल्याच्या पाण्याने धुतलं. जंतुनाशक औषध पाण्यात घालून धुतलं, ते असं झोंबलं की भिंत धरून उभी राहिले. खोबरेल लावलं, पावडर लावली. जितकं धुवावं तितकं वाढत होतं. डॉक्टरबाई नंतर म्हणाल्या, साध्या पाण्याशिवाय तिथे काही लावायचंच नसतं. मला कोणी सांगितलं असतं? कोणी सांगायला मी कोणाला विचारायला नको होतं का?

एकदा हिय्या करून मेडिकलच्या दुकानात गेले. "खाजेवर काहीतरी द्या," म्हटलं. दुकानदाराने विचारलं, "कुठे आहे खाज?" माझ्यामागे दोन बायका उभ्या आणि आमच्या बिल्डिंगमधले काका. मी म्हटलं, "मांडीला." त्याने गजकर्णाची ट्यूब दिली. ती मी सहा वर्षं लावली. मांडीला नाही, तिथे. कधी दोन दिवस बरं वाटायचं, की परत दुप्पट. अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर म्हणतात. माझा जावई तर बँकेत आहे, तरी माझं तोंड उघडलं नाही.

मग तिथली कातडी फाटायला लागली. लघवी झाली की आग. आणि नवराबायकोचं जे असतं ते तर सोसेच ना. ह्यांनी जवळ घेतलं की मी अंग चोरायची. एक-दोनदा डोळ्यांत पाणी आलं, ते उशीत पुसलं. मग मी बाहेरच्या दिवाणावर अंथरूण घालायला लागले. कारण काही सांगितलं नाही. पण माझी चाल बदलली होती, पाय जरा फाकवून टाकत होते. एक दिवस ह्यांनीच विचारलं, "गुडघा धरलाय का गं तुझा?"

आयतं कारण मिळालं. "हो ना," मी म्हटलं, "फार ठणकतो. म्हणून तर बाहेर झोपते, तुमची झोपमोड नको."

बस्स. त्या दिवसापासून आमच्या घरात माझा गुडघा दुखायला लागला.

आमचे हे अंबरनाथच्या एमआयडीसीत केमिकलच्या कंपनीत होते, मागच्या वर्षी निवृत्त झाले. बोलायला कमी. पण ह्यांनी कुठल्याशा वैद्याकडून तेल आणलं, आणि पहिल्या पाळीवरून आले की संध्याकाळी ते वाटीत कोमट करून माझ्यापुढे जमिनीवर बसायचे आणि माझा उजवा गुडघा चोळायचे. चांगली वीस मिनिटं. एकदा चुकून मी डावा पुढे केला. हे म्हणाले, "अगं, उजवा ना?" मी म्हटलं, "आता तोही लागला." मग दोन्ही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! मनातल्या मनात मला हसू यायचं. मी त्यांना थांबवलं का नाही, सांगू? दिवसभरात तेवढाच त्यांचा हात मला लागायचा. तो थांबला असता तर माझ्या अंगाला माणसाचा हात लागायचाच राहिला असता.

खोटं बोलायला सोपं असतं, सांभाळायला जड. लग्नात पंगतीला खाली बसायचं नाही, गुडघा. रिक्षात मागे मधे बसायचं नाही, गुडघा. मुलीकडे बदलापूरला राहायला जायचं नाही, कारण तिथे संडासात जास्त वेळ लागला तर ती विचारेल. सांगायचं, जिने चढवत नाहीत. हळूहळू मी कुठे जायचीच बंद झाले. कारखाना आणि घर. चारचौघांत बसून मी एकटी असायची, कारण अर्धं लक्ष खालच्या आगीकडे आणि अर्धं चेहरा सरळ ठेवण्याकडे.

तरी दोन वर्षांपूर्वी एकदा मोठ्या दवाखान्यात गेले होते बरं का. अगदीच काही मी भित्री नाही. रजा टाकून, कोणाला न सांगता. केसपेपरच्या खिडकीतल्या माणसाने आतून ओरडून विचारलं, "काय होतंय?" माझ्यामागे ही रांग. मी म्हटलं, "गुडघा."

जीभच तिकडे वळली. त्याने ऑर्थो, म्हणजे हाडांच्या विभागाचा कागद फाडून दिला. आता परत रांगेत लागून काय सांगणार? गेले तिकडे. दोन तास बसले. डॉक्टरांनी गुडघा वाकवून बघितला, एक्स-रे काढायला लावला आणि म्हणाले, "मावशी, गुडघा ठणठणीत आहे. तुमच्या वयाला असा गुडघा मिळायला नशीब लागतं." तो एक्स-रे मी घरी आणला. ह्यांनी खिडकीच्या उजेडात धरून विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हटलं, "झीज आहे." त्यावर ह्यांनी तेलाची मोठी बाटली आणली.

व्रण झाला तो या वर्षी. एका बाजूला कडक, फोडासारखं काही हाताला लागत होतं. भरत नव्हतं. कपड्याला रक्ताचा ठिपका दिसायला लागला. मी घडी करून कापड ठेवायला लागले, जसं पाळीत ठेवायचो.

कारखान्याच्या मालकीणबाई, आम्ही सगळ्या त्यांना भाभी म्हणतो. सिंधी आहेत, साठीच्या पुढच्या. तोंडाने फटकळ, मापाला माझ्याहून पक्क्या. एक दिवस मी पीस मोजायला वाकले आणि मागून त्यांनी माझा दंड धरला. ओढत आतल्या खोलीत नेलं. "सुरेखा, तेरा तो बंद हो गया था ना? पाच साल हो गए. फिर ये क्या है?"

माझ्या साडीला डाग पडला होता.

मी म्हटलं, "भाभी, वो घुटना…" आणि माझं मलाच ऐकून कसंतरी झालं. भाभींनी माझ्या साडीकडे बोट केलं.

"घुटने से खून आता है?" त्या म्हणाल्या. पर्स काढली, चप्पल घातली. "चल. लेडी डाक्टर है, दो गली छोड़ के. अभी चल."

दवाखान्याच्या दारापर्यंत त्या आल्या. आत यायला मीच नको म्हटलं. तिथे डॉक्टरबाईंनी मला टेबलावर घेतलं आणि पुढचं तुम्हाला सांगितलंच आहे.

बायोप्सीसाठी मला मुंबईच्या मोठ्या कॅन्सरच्या हॉस्पिटलात पाठवलं. घरी सांगितलं, गुडघ्याचे मोठे डॉक्टर आहेत. हे म्हणाले, "मी येतो." मी म्हटलं, "नको हो, नुसतं दाखवायचंय." ह्यांनी डब्यात पोळी-भाजी बांधून दिली, त्या निवृत्तीनंतर शिकलेल्या जाड पोळ्या. तो डबा मांडीवर घेऊन मी हॉस्पिटलच्या बाकावर चार तास बसले.

तिथे सगळ्यांबरोबर कोणीतरी होतं. कोणी फाइल धरलेलं, कोणी पाण्याची बाटली. शेजारच्या बाईने सहज विचारलं, "तुमचं कुठलं?" तिथे असंच विचारतात. माझं स्तनाचं, ह्यांचं जिभेचं, असं गाव सांगावं तसं सांगतात. मला केवढी मोकळीक होती! एका शब्दात सांगून टाकता आलं असतं. मी म्हटलं, "गुडघ्याचं."

"अगं बाई," ती म्हणाली, "गुडघ्याचापण असतो?"

मी म्हटलं, "कुणाकुणाला असतो." काय म्हणावं या बाईला, सांगा.

बायोप्सीचं जेवढं भय घेतलं होतं तेवढं ते नव्हतं. त्या जागी भूल देण्याचं इंजेक्शन देतात. ते दुखतं, खोटं कशाला बोलू. मग गोल पात्याच्या बारीक हत्याराने कातडीचा मसुराएवढा तुकडा काढतात. पंच बायोप्सी म्हणतात त्याला. दोन टाके. सगळं धरून पंधरा मिनिटं. एक नर्स माझ्या डोक्याशी उभी होती, तिने माझा खांदा धरला होता. तिचं नावही मला माहीत नाही. पण त्या पंधरा मिनिटांत मी तिला मनातून किती आशीर्वाद दिले.

रिपोर्टला दहा दिवस. ते दहा दिवस मी उभ्याने काम केलं. हातात पीस असायचा आणि मला दिसायचं नाही काही. एकदा तर चेन उलटी लागलेला पीस मी पुढे सरकवला. तो भाभींनी मागे आणला आणि न बोलता माझ्या टेबलाखाली टाकला. संध्याकाळी ह्यांचं तेल. "आज जास्त ठणकतोय का?" हे विचारायचे. मी डोळे मिटून घ्यायची. मरणाची भीती वाटत होतीच. पण त्याहून मोठी भीती ही, की मी मेले तरी हे लोकांना सांगत बसतील, 'गुडघ्याचं दुखणं होतं तिला.' माझं खरं दुखणं कोणालाच माहीत नसेल.

रिपोर्ट आला. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. म्हणजे कातडीच्या वरच्या थरातून सुरू होणारा कॅन्सर. सर्जन मॅडम तरुण होत्या, माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी मला आधी चांगली बातमी सांगितली: खोली एक मिलिमीटरच्या आत आहे. इतक्या वरचेवर असतो तेव्हा तो भाग आजूबाजूच्या थोड्या चांगल्या कातडीसह काढून टाकला की बहुतेक वेळा काम भागतं. जांघेतल्या गाठी काढाव्या लागत नाहीत.

एक मिलिमीटर. माझ्या टेबलावर तेवढ्या फरकाला आम्ही पीस पास करतो.

"वेळेत आलात," त्या म्हणाल्या. "अजून वर्षभर थांबला असतात तर मी हे बोलले नसते. आता ऑपरेशनच्या आधी नातेवाईकांना घेऊन या. त्यांना समजावून सांगते, सहीपण लागेल."

मी म्हटलं, "माझी मी सही केली तर?"

"तुमची तर लागेलच. पण ऑपरेशनला कोणीतरी हवं ना तुमच्यासोबत?"

परत येताना मनात आलं, भाभींना बहीण म्हणून न्यावं. मुलीला न्यावं, तर तिला कोणत्या तोंडाने सांगू? शेवटी घरी म्हटलं, "गुडघ्याचं छोटं ऑपरेशन आहे, तुम्हाला बोलावलंय." हे लगेच उठले, एक्स-रे शोधायला लागले. वर्तमानपत्रात गुंडाळून बरोबर घेतला.

वाटेत सांगायचं ठरवलं होतं. अंबरनाथपासून हॉस्पिटलपर्यंत माझं तोंड उघडलं नाही. बरोबर निम्म्या वाटेत हे म्हणाले, "घाबरू नकोस, आता गुडघे बदलतातसुद्धा."

सर्जन मॅडमनी कागदावर चित्र काढलं. सरळ. कुठलाही आडपडदा नाही. हा भाग, इथे व्रण, एवढी कातडी काढणार, इथे टाके येतील. अकरा वर्षं जुना कातडीचा आजार आहे, त्यातून झालंय. हे चित्राकडे बघत होते. मग त्यांनी माझ्या गुडघ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. हातातला एक्स-रे त्यांनी हळूच खुर्चीखाली ठेवला.

"काही विचारायचंय?" मॅडम म्हणाल्या.

"नाही," हे म्हणाले.

बाहेर बाकावर बसलो. मी वाट बघत होते की हे ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. हे म्हणाले, "मला वाटायचं, माझ्या अंगाला कंपनीचा वास येतो. केमिकलचा. म्हणून तू बाहेर झोपतेस."

ते माझ्याकडे वळले.

"इतकी वर्षं मी कामावरून आलो की दोनदा आंघोळ करायचो, सुरेखा. अजूनही करतो."

आणि ते उठून जिना उतरून गेले.

हे लिहितानाही माझा हात थांबतोय. दोनदा आंघोळ करतात ते मी रोज बघत होते. वरून पाणी वाया घालवतात म्हणून बोलतही होते. एका घरात दोन माणसं, आणि दोघंही आपापल्या अंगाची लाज धरून बसलेली. मी माझं दुखणं लपवलं ते माझ्यापुरतं आहे असं समजत होते. ते माझ्यापुरतं नव्हतंच.

तासभर हे आले नाहीत. मला वाटलं, गेले घरी. जावंच त्यांनी, असंही वाटलं. बाकावर माझ्या दोन्ही बाजूंना जागा रिकामी होती आणि माणसं येऊन विचारत होती, "इथे कोणी आहे का?" मी म्हणत होते, "आहेत, येतील." मग हे आले. डोळे लाल. म्हणाले, "सही कुठे करायची?"

ऑपरेशन नीट झालं. पाच दिवस वॉर्डात होते, लघवीची नळी होती, टाक्यांची आग होती. घरी आल्यावर तीन आठवडे गोल उशीवर बसले. काढलेला भाग तपासून आला, त्याच्या कडांना कॅन्सर नव्हता. मलम सुरू झालं, क्लोबेटासॉल नावाचं स्टिरॉइडचं. किती, कुठे, किती दिवस लावायचं ते त्वचारोगाच्या डॉक्टरांनी बोटाच्या पेरावर दाखवून दिलं. अकरा वर्षांची खाज दीड महिन्यात निम्म्यावर आली. मी हसू की रडू? अकरा वर्षं!

डॉक्टर म्हणाले, हा आजार कधी कधी घराण्यात असतो, मुलीला सांगा. फोन हातात घेऊन मी दोनदा खाली ठेवला. तिसऱ्यांदा सांगितलं. पहिल्यांदा जागेचं नाव घेऊन सांगितलं. पलीकडे टीव्ही चालू होता, तो तिने बंद केला. मग म्हणाली, "मम्मी, तू सीरियसली मला आत्ता सांगतेयस? मी डिलिव्हरीनंतर तुझ्याशी किती गोष्टी बोलणार होते, पण तुला असलं आवडत नाही म्हणून…" पुढचं ती बोलली नाही. तिला हा आजार नाही, तपासून घेतलंय. पण तेव्हा काय बोलायचं होतं ते तिने अजून सांगितलेलं नाही. सांगेल तेव्हा खरं.

आता हे वाचणाऱ्या बाईसाठी, जिला वाटतंय की हे आपल्याला लागू नाही. खाज महिनोन् महिने जात नसेल, कातडी पांढरी दिसत असेल, फाटत असेल, तर मेडिकलच्या ट्यूबवर दिवस काढू नका. गाठ, कडक फोड, न भरणारी जखम, रक्त, यातलं काही असेल तर थांबूच नका. हा आजार म्हणजे कॅन्सर नव्हे, आणि तो असलेल्या बहुतेक जणींना कॅन्सर होतही नाही. पण डॉक्टरला खरी जागा कळलीच पाहिजे. खिडकीतला माणूस ओरडला तर म्हणा, 'बाई डॉक्टरांशी बोलायचंय.' एवढं म्हटलं तरी चालतं. मला ते छप्पन्नाव्या वर्षी कळलं. भाभींना मी म्हटलं, तुमच्यामुळे वाचले. त्या म्हणाल्या, "मेरे को तो साड़ी का दाग दिखा. तेरे को तेरा दर्द नहीं दिखा?" आणि पीस मोजायला निघून गेल्या. त्या बाईचे उपकार मी फेडू शकत नाही.

घरी मात्र सगळं लगेच गोड झालं असं समजू नका. हे माझं सगळं करत होते, औषधं, जेवण, धुणं. पण बोलत नव्हते. आणि तेल बंद झालं. साहजिकच आहे, आता कशाला लावतील? पण संध्याकाळ झाली की मला करमायचं नाही. पाय पुढे करून बसायची सवय लागलेली, तशीच बसून राहायची. हे गॅलरीत.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, महिन्यातून एकदा आरसा घेऊन चांगल्या उजेडात बघायचं. नवीन काही आलंय का, रंग बदललाय का. मी पाच तारीख ठरवली. पहिल्यांदा बघितलं तेव्हा अर्धा तास नुसती बसून राहिले. माझंच अंग, आणि मी ओळखत नव्हते. पण टाक्यांच्या मागची बाजू काही केल्या दिसेना. वाकून, फिरून, आरसा तिरका करून, काही नाही. शेवटी मी ह्यांना हाक मारली. कशी मारवली मला, देव जाणे. म्हटलं, "अहो, मागची बाजू दिसत नाही. जरा बघता का?"

हे दारापर्यंत आले. उंबऱ्यावर थांबले. मान खाली. म्हणाले, "नाही जमायचं गं मला." आणि वळले.

मी रागावले नाही. अकरा वर्षं मी दाखवलं नाही, एका हाकेत त्यांनी बघावं असं कसं म्हणू? बाजारातून दुसरा आरसा आणला. दोन आरसे समोरासमोर धरून कशीबशी बघायला शिकले. ते दोन आरसे आणि मी. तीन महिने तसंच चाललं.

चौथ्या महिन्यात, पाच तारखेला, सकाळची वेळ. भांडी आवरून मी आरसे काढायला कपाटाकडे गेले, तर आरसे जागेवर नव्हते. आतल्या खोलीत हे उभे. खिडकीपाशी सतरंजी घातलेली, त्यावर चादर. हात धुऊन आले होते, बोटं ओली होती.

"आज पाच ना?" हे म्हणाले. "दार लावून घेऊ?"

मी हो म्हटलं की नाही, आठवत नाही. त्यांनी कडी लावली, पडदा सरकवला, चष्मा चढवला आणि मोबाईलची बॅटरी लावून खाली बसले. उजेड इकडेतिकडे हलत होता. मी डोळे मिटले नाहीत. ते एकेक बाजू बघत गेले. मग त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत लावला.

"परत एकदा बघतो," म्हणाले. "मघाशी नीट दिसलं नाही."